मागून कोणीतरी येतंय

जर्मनीत ब्राउनश्वाइगमधलं घर मला एका ग्लासभर वाईट पाण्यामुळे मिळालं. भाड्याच्या घरासाठी इथे पगाराच्या स्लिपा, आधीच्या घरमालकाचं पत्र, कर्ज थकवलं नसल्याचा दाखला असं सगळं मागतात. मी ते फाइलमध्ये क्रमाने लावून नेलं होतं. घरमालकांनी फाइल उघडलीच नाही. फ्रिजमधून एक बाटली काढून त्यांनी ग्लास भरला आणि माझ्यापुढे ठेवला.

"आधी हे प्या."

पाणी खारट होतं, मागाहून कडवट लागत होतं, आणि त्याला उकडलेल्या अंड्याचा वास होता. मी ग्लास संपवला.

"कसं आहे?"

"आमच्या गावच्या बोअरचं याहून खारट असतं," मी म्हणालो. खरं तेच सांगितलं होतं.

त्यांनी फाइल न उघडताच माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, "आल्झो, तर मग राहायला कधी येताय?"

माझ्याआधी जे घर बघायला आले, त्यातल्या एकाने ते पाणी सिंकमध्ये थुंकलं होतं आणि एक जोडपं ग्लासाला हात न लावता निघून गेलं होतं, हे मला नंतर कळलं. ते पाणी घरमालक स्वतः बनवत. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर क्षार मोजून घेत आणि नळाच्या पाण्यात विरघळवत. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात एक झरा आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बैलगाड्यांचे तांडे नवी जमीन शोधत पश्चिमेला जायचे, तेव्हा त्या वाटेवर पाण्याची तेवढीच एक जागा होती. दोन-अडीच दिवस कोरडं चालून माणसं आणि बैल तिथे पोचत आणि मुक्काम करत. प्रवाशांनी त्या पाण्याच्या चवीबद्दल जे जे लिहून ठेवलं होतं, ते वाचून आमच्या घरमालकांनी आपल्या बाटलीतलं प्रमाण ठरवलं होतं. त्या झऱ्याचं नाव ते कधी घेत नसत. नुसतं "क्वेले" म्हणत. क्वेले म्हणजे झरा. जगात तो एकच असल्यासारखं.

माझ्या बायकोने पहिल्याच महिन्यात त्यांचं नाव क्वेलेवाले ठेवलं. आमच्या घरात आजही त्यांना तेच नाव आहे.

घर दुमजली होतं. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं. त्यांची बायको आम्ही येण्याच्या बऱ्याच आधी वारली होती. एकुलती मुलगी नेवाडातल्या एका शहरात नर्स होती. ती तिकडे योगायोगाने गेली की वडिलांच्या बोलण्यातून नेवाडा हे नाव लहानपणापासून कानावर पडत होतं म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

नोकरी त्यांनी आयुष्यभर शहराच्या पाणीखात्यात केली. जमिनीखालची गळती शोधायची, हे काम. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्यावर आणि दुसरं कानाला लावून ते पाइपातला आवाज ऐकत. निवृत्त झाल्यावरही कान तसाच राहिला. एखाद्या रविवारी दारावर टकटक व्हायची. "माफ करा, तुमच्या न्हाणीघरात थेंब पडतोय." आम्ही जाऊन बघायचो, तर खरोखरच पडत असायचा. आम्ही त्याच मजल्यावर असून आम्हाला तो ऐकू आलेला नसायचा.

झऱ्याचा नियम त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितला. तळघरातली कपडे धुण्याची खोली, तिथलं मशीन आणि वाळत घालायच्या दोऱ्या दोन्ही मजल्यांत सामाईक होत्या. जर्मनीत अशा खोलीचे नियम भिंतीवर टांगलेले असतात. इथे काही टांगलेलं नव्हतं. ते म्हणाले, "प्या, भरा, खड्डा साफ करा आणि हला. मागून कोणीतरी येतंय."

"म्हणजे मशीन वापरून झालं की पुसून ठेवायचं," मी म्हणालो.

"गेनाऊ. अगदी बरोबर."

तांडे असेच वागायचे, ते सांगत. झऱ्याला पाणी थोडं असायचं. आधीच्या तांड्याने खणलेला खड्डा असायचा. आपण प्यायचं, बैलांना पाजायचं, पिंपं भरायची, खड्ड्यातला गाळ काढायचा आणि गाड्या झऱ्यापासून लांब नेऊन लावायच्या. पाण्याला खेटून मुक्काम करणारा माणूस मागच्याचा जीव घेतो. मागच्या तांड्यात कोण आहे हे पुढच्याला माहीत नसायचं. दोघांची गाठही कधी पडायची नाही.

याच नियमावरून त्यांचं क्लबशी बिनसलं. इथे असे हौशी क्लब असतात. मोठी माणसं शनिवारी चामड्याच्या टोप्या घालून अमेरिकेतले प्रवासी बनतात, शेकोटी करतात, गाणी म्हणतात. घरमालक त्यात बरीच वर्षं होते. क्लबच्या वार्षिक मुक्कामाला एकदा मंडळींनी खरी लाकडी गाडी आणली आणि थेट तळ्याच्या काठावर लावली, म्हणजे फोटो छान येतील. यांनी ती हलवायला सांगितली. कोणी हलवेना. उलट गाडीला टेकून सॉसेज भाजायला बसले. क्वेलेवाल्यांनी एकट्याने गाडीला खांदा लावला. ती हलली नाही. मग त्यांनी टोपी काढून अध्यक्षाच्या हातात दिली आणि बसने घरी आले.

"त्यांना बंदुका आवडतात," ते मला म्हणाले. "पाण्यात कोणालाच रस नाही."

मग त्यांनी आपला झरा स्वतः बांधला. शहराच्या कडेला भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागा असतात. एक झोपडी, थोडी भाजी, सफरचंदाचं एखादं झाड. यांच्या बागेत वाळू होती, करडी झुडपं होती आणि मधोमध गुडघाभर खोल खड्डा. झोपडीमागच्या टाकीतून एक नळी जमिनीखालून आणली होती. खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरायचं, मिनिटाला साधारण दीड लिटर. खऱ्या झऱ्याला तेवढंच होतं म्हणे. शेजारी खुंटीला एक पत्र्याचा मग टांगलेला.

बागांच्या मंडळाचा नियम असा, की एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यात. मंडळाचे गृहस्थ तपासणीला आले, वाळू बघून लाल झाले, आणि मी इंजिनिअर म्हणून टेप माझ्या हातात दिला. मी मोजलं. भाजीची जागा बरीच कमी भरली. तसंच सांगितलं. क्वेलेवाले मुळीच रागावले नाहीत. "आकडा म्हणजे आकडा," म्हणाले आणि पुढच्याच शनिवारी वाळवंटाच्या तिन्ही कडांनी बटाटे लावले.

दर ऑगस्टमध्ये ते बागेच्या फाटकावर एक पाटी लावत: "पाणी आहे. या." शनिवार, रविवार खुर्चीवर बसून राहत. झऱ्यापासून लांब, झोपडीच्या सावलीत. आम्ही तिघं जायचो, प्यायचो, थोडं बोलायचो. आम्ही निघालो की ते खड्डा साफ करायचे आणि पुन्हा जाऊन बसायचे. संध्याकाळी पाटी काढून आणायचे. कोणी आलं होतं का, हे मी विचारायचो नाही. वाळूवर पावलं आमचीच असायची.

भाडेकरू आले की पुढे जाणार, हे त्यांनी धरलेलंच असायचं. दरवर्षी जानेवारीत मला विचारत, "मग, पुढे कधी निघणार?" मी म्हणायचो, अजून काही ठरलेलं नाही. त्यांना नवल वाटायचं. आमची मुलगी शिकायला बॉनला गेली, त्या दिवशी बायको जिन्यात उभी राहून रडत होती. ते खालून म्हणाले, "बरोबरच आहे. प्यायली, भरली, निघाली."

बायको वर येऊन मला म्हणाली, "अहो, घर आहे की पाणवठा?"

मग त्या वर्षीच्या हिवाळ्यात ते तळघराच्या जिन्यावरून घसरले. बायको दुपारी कपडे घेऊन उतरली, तर ते शेवटच्या पायरीशी भिंतीला टेकून बसलेले. सकाळपासून. घोटा सुजून उशीएवढा झाला होता.

"हाक का नाही मारली?" तिने विचारलं. "मी घरातच होते."

"तुम्ही खाली येणार हे माहीत होतं. आज तुमचा धुण्याचा वार," ते म्हणाले. "म्हणून तर बाजूला सरकून बसलो. वाट मोकळी ठेवली."

त्यांच्या मुलीने मला फोन केला. तिला आमचा नंबर अडीअडचणीसाठी दिलेला होता. ती म्हणाली, "मी त्यांना कायमचं इकडे बोलावतेय. खोली तयार आहे. ते तुमचं ऐकतात."

"ते कोणाचंच ऐकत नाहीत," मी म्हणालो. "पण सांगून बघतो."

मी हिशेब मांडून दाखवला. वय, जिने, तळघर, आमच्या कामाच्या वेळा, घरात ते एकटे असण्याचे तास. त्यांनी तो नीट वाचला. हिशेबात चूक नाही म्हणाले. इतकी वर्षं तुम्ही क्वेले बघायला का गेला नाहीत, असंही मी विचारलं. म्हणाले, "त्या वाटेने गेलेलं कोणी परत आलं नाही. परतीचं तिकीट काढून तिथे जायचं, हे मला बरोबर वाटत नाही."

"मग परतीचं काढू नका."

यावर ते हसले आणि महिन्याभराने परतीचं तिकीट काढून मुलीकडे गेले. ठरलं होतं, चार आठवडे राहायचं, आवडलं तर पुढचं बघायचं. नऊ दिवसांत ते घरी होते.

त्यांच्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, "मी सुट्टी काढली होती. तंबू घेतला, दोन खुर्च्या घेतल्या, स्वयंपाक करून घेतला. सहा तास गाडी चालवली. ते उतरले, मगभर पाणी प्यायले, बाटली भरली, खड्ड्यातला पाला काढला आणि गाडीत येऊन बसले. मी म्हटलं, पापा, इथे कोणी नाही. क्षितिजापर्यंत बघा, कोणी नाही. तर म्हणाले, तसंच दिसतं. मागच्या गाड्यांची धूळ उशिरा दिसते."

"आणि घरी?" मी विचारलं.

"माझ्या घरीही तेच," ती म्हणाली. "एका सकाळी बघते तर पलंगावरच्या चादरीची घडी, न्हाणीघर पुसलेलं, आणि ते बॅग घेऊन कोट घालून बसलेत. माझं काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो. "इथे धुण्याच्या खोलीतही ते असंच करतात."

खाली गेलो तर ते मजेत होते. आणलेल्या बाटलीतलं पाणी त्यांनी मला एका ग्लासात दिलं, आपलं घरचं दुसऱ्या ग्लासात. "माझं जरा जास्त खारट होत होतं," म्हणाले. वजनाचा आकडा त्यांनी बदलला होता. मुलीबद्दल एवढंच बोलले, की तिचं घर छान आहे, प्रशस्त आहे, आणि तिच्याकडे पाहुणे पुष्कळ येत असणार.

पुढच्या उन्हाळ्यात माझी आई आली. ती जत तालुक्यातल्या आमच्या गावी एकटी राहते. तीन महिन्यांचा व्हिसा होता. ऑगस्टच्या त्या शनिवारी आम्ही तिला बागेत घेऊन गेलो. क्वेलेवाल्यांनी उठून तिच्याशी हात मिळवला आणि झरा दाखवला. आईने वाकून खड्ड्यात बघितलं.

"ह्येच्या घरात नळ न्हाई का रं?"

"आहे की. गरम पाण्याचापण आहे."

"मग ही असली हौस कशापायी? आमचं निम्मं आयुष्य ह्यातनं सुटण्यात गेलं."

"आई म्हणते, छान आहे," मी जर्मनमध्ये सांगितलं.

ते म्हणाले, "त्यांचं वाक्य एवढं छोटं नव्हतं." मग मी सगळं खरं सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की आईच दचकली. "त्यांना माहीत आहे? त्यांनी असं पाणी भरलंय?" त्यांनी आपली खुर्ची आणून तिला दिली आणि स्वतः वाळूत बसले.

आमच्या गावच्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी नसायचं. बायका ओढ्याच्या वाळूत झिरा खणायच्या. आई हातवारे करत सांगत होती, मी भाषांतर करत होतो. "आधी गढूळ पाणी उपसून टाकायचं. मग बसायचं. पाझरंल तसं वाटीनं कळशीत भरायचं. कळशी भरली की उठायचं. मागची उभी असती न्हवं."

"मागची," त्यांनी माझा हात धरला. "बघा. मी काय सांगत होतो?"

"पर शेवटची असली की मजा," आई म्हणाली.

"कसली मजा?"

"शेवटचीच्या मागं कोण न्हाई. ती बसायची निवांत. पाय धुवायची, तोंड धुवायची. कळशी भरली तरी बसायची. मी तर मुद्दाम शेवटची जायाची. घरी सासूला सांगायची, लई गर्दी हुती."

बायको हसायला लागली. क्वेलेवाले हसले नाहीत. भाषांतर त्यांनी मला पुन्हा करायला लावलं. मग हळूच विचारलं, "त्यांना विचारा, आपण शेवटचे आहोत हे कळायचं कसं?"

आईला प्रश्नच कळेना. "मागं वळून बघायचं. कोण न्हाई म्हंजी न्हाई. त्यात कळायचंय काय?"

ते उठून खड्ड्यापाशी गेले. पत्र्याचा मग धुतला, खुंटीला लावला, पुन्हा काढून पुन्हा धुतला.

ट्राममध्ये आईने विचारलं, "म्हाताऱ्याला पोरबाळ?"

"एक मुलगी. अमेरिकेत. बोलावतेय त्यांना."

"मग हितं कशाला बसलाय त्यो?"

"कोणाकडे फार दिवस राहू नये, असं वाटतं त्यांना."

"तू बी त्यातलाच," आई म्हणाली. "येतोस, बॅगा भरतोस, जातोस."

मी तिला सांगितलं की वर्षाला तीस दिवस सुट्टी असते, त्यातले दहा इथे मुलीच्या वगैरे कामांना लागतात, पाच अडीअडचणीसाठी राखावे लागतात, प्रवासात दोन जातात. आईने सगळं ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

ती परत गेली. गुडघ्यांमुळे आता पुन्हा विमानात बसणार नाही, असं तिने जातानाच सांगितलं.

क्वेलेवाल्यांच्यात बदल असा दिसला नाही. तेच पाणी, तोच कान. फक्त जानेवारीत त्यांनी मला पुढे कधी निघणार, हे विचारलं नाही. यंदा ऑगस्टमध्ये पाटी लावली, आम्ही दोघं जाऊन पाणी पिऊन आलो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते वर आले आणि म्हणाले, मुलीकडे दोन आठवडे जाऊन येतो. परतीचं तिकीट होतंच. बागेची किल्ली माझ्याकडे दिली. "पानं पडायला लागलीत. आठवड्यातून एकदा खड्डा साफ करा. मागून कोणी आलं तर."

परतीच्या दिवशी मी त्यांना घ्यायला स्टेशनवर गेलो. विमान फ्रँकफर्टला सकाळी उतरणार होतं आणि दुपारची गाडी त्यांनी स्वतः निवडली होती, कारण मध्ये गाडी बदलावी लागत नव्हती. गाडी वेळेवर आली. लोक उतरले, गाडी गेली. मी पुढच्या गाडीसाठी थांबलो. तिच्यातही ते नव्हते. ते न सांगता वेळ चुकवणारे नव्हेत, त्यामुळे मला वाईटच काहीतरी वाटायला लागलं. मी त्यांच्या मुलीला फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"अरे देवा, तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?" ती म्हणाली. "मी कळवतो म्हणाले होते. विसरले. झोपलेत अजून."

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग आवाज खाली आणून सांगायला लागली. "आम्ही पुन्हा गेलो होतो. यावेळी मी तंबू नेला नव्हता. खुर्च्या तेवढ्या डिकीत राहिल्या होत्या. ते प्यायले, बाटली भरली, खड्डा साफ केला. मी गाडीची किल्ली काढली. तर ते मागे वळून उभे राहिले. आलो त्या दिशेने बघत. किती वेळ, मला सांगता नाही येणार. मग म्हणाले, खुर्ची कुठे आहे?"

"मग?"

"मग बसलो. अंधार पडेपर्यंत. त्यांनी बूट काढले होते." ती हसली की रडली, मला फोनवर कळलं नाही. "तिकीट मी रद्द केलंय. किती दिवस राहणार, हे विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते."

"विचारू नका," मी म्हणालो.

स्टेशनवरून मी घरी न जाता ट्रामने बागेत गेलो. तसाही साफ करायचा आठवडा होता. खड्ड्यात सफरचंदाची पानं साचली होती, शेजारच्यांच्या झाडाची. ती काढली, गढूळ पाणी उपसलं, आणि पाझर येईपर्यंत थांबलो. खुंटीचा मग घेऊन पाणी प्यायलो. टाकीत नळाचंच पाणी असतं, त्याला काही चव नाही. आजूबाजूच्या बागा बंद झाल्या होत्या. रस्त्यावरही कोणी नव्हतं. मी झोपडीतून खुर्ची आणली आणि आईला फोन लावला.

"म्हातारा आला नाही," मी सांगितलं. "मुलीकडेच राहिला."

"बरं झालं," आई म्हणाली. "आन् तू कवा येतोयस?"

"डिसेंबरात."

"किती दिवस?"

हा प्रश्न तिने मला कधी विचारला नव्हता. दरवेळी आकडा मीच आधी सांगून टाकायचो. तीस, त्यातून दहा, त्यातून पाच, त्यातून दोन. मी तो मनात पुन्हा मांडला. उत्तर तेच येत होतं आणि ते तोंडातून बाहेर पडेना. खड्ड्यात पाणी वितीएवढं चढलं होतं.

"हॅलो," आई म्हणाली, "हाईस का?"

"आहे," मी म्हणालो. "बसलोय."